सरांनी सिद्ध केलेलं लग्न

आमच्या सरांसमोर साधं 'बघू' म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. नांदेडच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते कॉम्प्युटर विभागात शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो आणि पुढे त्याच विभागात नोकरीला लागून त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसू लागलो, त्यामुळे हा जाच मी दोन्ही बाजूंनी सोसला आहे. शिपाई म्हणाला, "सर, ट्यूबलाइट बदलतो," की सर चष्म्यावरून त्याच्याकडं बघत. "म्हणजे कसं? नेहमी बदलत राहणार, का पुढच्या क्षणाला बदलणार, का कधी ना कधी बदलणार?" शिपाई गोंधळून म्हणायचा, "बदलतो ना सर." "मंग कधी ना कधी," सर समाधानानं मान हलवत. ट्यूबलाइट पुढं महिनाभर तशीच असायची, पण सरांची तक्रार नसायची. 'कधी ना कधी' या शब्दाला मुदत नसते, हे तेच आम्हांला वर्गात शिकवत.

हा सगळा त्यांच्या विषयाचा गुण. विषयाचं नाव टेम्पोरल लॉजिक. साधं तर्कशास्त्र एखादी गोष्ट खरी की खोटी एवढंच विचारतं. सरांचं तर्कशास्त्र विचारायचं, खरी आहे तर कधी? नेहमी? पुढच्या क्षणी? अमुक होईपर्यंत? की कधी ना कधी? एवढ्या चार-दोन शब्दांवर या माणसानं आयुष्य काढलं. आणि या शब्दांनी ते सिद्ध काय करायचे, तर एकाच वेळी चालणारी बरीच कामं एकमेकांत अडकून कायमची ठप्प होणार नाहीत, हे. पुस्तकात त्याला डेडलॉक म्हणतात. सर कोंडी म्हणत.

"होस्टेलात दोघं हायत," ते फळ्यावर दोन गोल काढत. "एकाकडं बादली हाय, दुसऱ्यानं नळ धरलाय. हा म्हणतो आधी नळ सोड, तो म्हणतो आधी बादली दे. दोघंबी बरोबर. दोघंबी हुशार. अन् दोघंबी बिनआंघोळीचे पेपरला!" पोरं हसायची. मग सर त्या दोन गोलांपासून बाण काढत, बाणांपुढं आणखी गोल काढत. जितक्या प्रकारे गोष्टी घडू शकतात तितके गोल झालेच पाहिजेत, हा त्यांचा दंडक. फळा संपला की ते भिंतीवर जात. प्राचार्यांनी एकदा नवा रंग दिलेल्या भिंतीबद्दल विचारलं, तर म्हणाले, "सर, फळा लहान हाय, शक्यता लई हायत." पुढच्या वर्षी प्राचार्यांनी आमच्या वर्गात भिंतभर फळा करून घेतला. तोही पुरला नाही.

खरं तर एवढे गोल हातानं काढायची काही गरज नव्हती. ते काम करणारे प्रोग्रॅम आहेत. आपण व्यवस्थेचं वर्णन लिहायचं, हवा तो नियम लिहायचा, आणि मशीन एकूण एक शक्यता तपासून सांगतं, की कोंडी होत नाही, किंवा होते आणि ही बघा अशी होते. सर तेही चालवत, पण आधी हातानं. मशीनवर त्यांचा विश्वास होता, पण ओळख झाल्याशिवाय विश्वास ठेवणं त्यांना बरं वाटत नसे.

चौकात रिक्षा चारी बाजूंनी तोंडं खुपसून अडकल्या की आम्ही वैतागायचो आणि सर खूश व्हायचे. स्कूटर कडेला लावून ते मधोमध जाऊन उभे राहत आणि कोण कुणासाठी थांबलाय हे बोटानं दाखवत. "ह्याला तो पायजे, त्याला ह्यो पायजे..." एकदा एक रिक्षावाला शेवटी म्हणालाच, "सर, तुमी जरा बाजूला व्हा, मंग निघतंय." सर बाजूला झाले आणि निघालं. त्यावर ते आठवडाभर विचार करत होते.

माझं गाव उमरी. एकदा घरी जेवायला बोलावलं, तर येताना त्यांची पॅसेंजर अलीकडच्या स्टेशनात क्रॉसिंगला थांबली. ताटं वाढून आम्ही दारात उभे, आणि सर आले ते तोंडभर हसत. "काय सुंदर थांबली गाडी!" ते माझ्या आईला म्हणाले. "समोरची निघून जास्तोवर हिला सोडलीच न्हाई. एकाच रुळावर दोघी समोरासमोर येणार न्हाईत, कधीच न्हाई. ह्याला म्हणत्यात शिस्त." आईनं त्यांना गरम भाकरी वाढली आणि मला आत बोलावून विचारलं, "ह्यांच्या घरी सगळं बरं हाय ना?"

ते मात्र बरं नव्हतं. जगातल्या सगळ्या कोंड्या सोडवत फिरणाऱ्या या माणसाची स्वतःच्या सख्ख्या थोरल्या भावाशी बोलचाल बंद होती, आणि का बंद होती हे सगळ्या कॉलेजला ठाऊक होतं.

सर मूळचे जळकोटचे. भाऊ, म्हणजे दादा, तिथं शेती करायचे. आईवडील लवकर गेल्यामुळं सरांना दादांनीच शिकवलं. पुढं सरांनी नांदेडला घर बांधलं, वास्तुशांत केली, आणि दादांना निमंत्रण पाठवलं ते मोबाईलवर. रंगीत पत्रिका, वर फिरणारा गणपती. दादा आले नाहीत. "अक्षत न्हाई, कुंकू न्हाई, फोनात पत्रिका धाडली," असं दादा म्हणाल्याचं सरांच्या कानावर आलं. सरांना त्याचा राग आला. "घरच्या माणसाला आवतन कशाला लागतं? त्याचंच घर हाय," असं सर म्हणाल्याचं दादांच्या कानावर गेलं. तेव्हापासून दादा म्हणायचे, त्यानं येऊन बोलावं, मग मी बोलतो. सर म्हणायचे, त्यानं बोलवावं, मग मी येतो. बादली आणि नळ. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोरालासुद्धा हे दिसत होतं. सरांना सांगायची हिंमत मात्र कुणाची नव्हती, माझीही नाही.

त्यांच्या विद्येचा व्यवहारात उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी लातूरची गोष्ट सांगायचो. आमचा एक जुना विद्यार्थी लातूरला डाळमिलवाल्यांची सॉफ्टवेअरची कामं करायचा. एका मिलमध्ये त्यानं ट्रकच्या वजनकाट्याची नवी व्यवस्था बसवली होती. आत येणारं फाटक, मध्ये काटा, पलीकडं माल उतरवायचा ओटा, आणि ट्रक रिकामा झाला की परत त्याच काट्यावर रिकामं वजन. त्यानं प्रेमानं सरांना बघायला नेलं, मीही होतो. सरांनी काटा बघितला, ओटा बघितला, चहा घेतला आणि मालकाला म्हणाले, "हे अडकणार."

मालक हसला. "सर, सुरू करून इतके दिवस झाले. एकदाबी अडकलं न्हाई."

"अजून घडलं न्हाई अन् कधीच घडणार न्हाई, ह्यात फरक हाय मालक." सरांनी बशीत उरलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर गोल काढले. ओटा भरलेला आहे. त्यातला एक ट्रक रिकामा होऊन वजनाला काट्यावर यायचं म्हणतोय. तेवढ्यात फाटकातून भरलेला ट्रक काट्यावर चढला. आता काट्यावरच्याला ओट्याशी जागा पाहिजे, आणि ओट्यावरच्याला काटा पाहिजे. मालकानं टेबल पुसायला माणूस बोलावला.

सोयाबीनचा हंगाम जोरात आला आणि नेमकं तसंच झालं. ट्रक रस्त्यापर्यंत लागले. ड्रायव्हर काट्यावरच गाडी सोडून जेवायला गेला. विद्यार्थ्याचा फोन आला तेव्हा सरांनी 'मी म्हणलं नव्हतं का' असं एकदाही म्हटलं नाही. एवढंच सांगितलं, की पलीकडं जागा मोकळी असल्याशिवाय आत येणाऱ्या ट्रकला काट्यावर चढू द्यायचं नाही, एवढा एक नियम घाल. घातला. मग मशीनवर तपासून बघितलं, कोंडी नाही. मालकानं सरांना तुरीच्या डाळीची गोणी पाठवली. त्यातली निम्मी सरांनी आम्हां सगळ्यांना वाटली. राहिलेल्या निम्म्याचं काय करावं हे त्यांना कळेना. पूर्वी असं काही आलं की निम्मं जळकोटला जायचं. ती डाळ कितीतरी दिवस विभागाच्या कपाटात होती, आणि कपाट उघडलं की सर तिच्याकडं बघून परत लावून टाकत.

दादांची मुलगी, म्हणजे सरांची पुतणी, आमच्याच विभागात शिकली. अबोला असला तरी तिला नांदेडला पाठवायला दादांनी कां-कूं केली नाही, आणि तिला राहायला ठेवून घ्यायला सरांनीही नाही. ती सरांच्याच घरी राहायची. दोघा भावांचे निरोप तिच्यामार्फत चालत, पण निरोप आहे असं कुणी कबूल करत नसे. सर म्हणत, "तुझ्या बापाला सांगू नकोस, पण यंदा सोयाबीन लवकर इकू नका म्हणावं." पोरगी फोनवर सांगायची, "बाबा, काकांनी सांगू नको म्हणलंय, सोयाबीन लवकर इकू नका." सरांचा विषय तिनं मन लावून घेतला होता. आमच्या विभागात तो विषय आवडलेली ती बहुधा एकटीच.

तिचं लग्न ठरलं. लग्न जळकोटलाच, दारात मांडव घालून. एके दिवशी ती विभागात आली आणि सरांच्या टेबलासमोर उभी राहिली. "काका, लग्नात लई गोंधळ होतो. तुमी सगळं तपासून द्या."

"काय तपासून द्या?"

"लग्न."

सरांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू कुणीतरी त्यांना इतक्या वर्षांनी नीट ओळखलंय. त्या दिवसापासून आमच्या भिंतभर फळ्यावर लग्न मांडलं गेलं. नवरदेव एक गोल, नवरी एक गोल, बँडवाले, भटजी, आचारी, फोटोग्राफर, मामा. नवरदेव आधी मारुतीला जाणार, तिथून वाजत मांडवात येणार. मामा नवरीला घराबाहेर आणून पाटावर उभी करणार. हार पडणार. नियम दोन. नवरदेव मांडवात आणि नवरी तयार नाही, असं कधीच होऊ नये. आणि लग्न कधी ना कधी लागावं.

"मुहूर्तावर लागावं असं नको का?" मी विचारलं.

"मुहूर्त तू बघ. मी लागतंय एवढं सिद्ध करतो," सर म्हणाले.

पहिल्याच तपासणीत कोंडी निघाली. नवरदेव मारुतीपाशी फोटोग्राफरसाठी थांबलाय. फोटोग्राफर नवरीपाशी हारांसाठी थांबलाय. हार करवलीकडं आहेत. आणि करवली मारुतीपाशी नवरदेव निघायची वाट बघत उभी आहे. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी प्राचार्यांना फळा बघायला बोलावलं. प्राचार्य म्हणाले, "माझ्या लग्नात हेच झालं होतं." मग हार आधीच मांडवात ठेवायचे असं ठरलं. पुढं आचारी आणि पाण्याच्या टँकरची एक कोंडी सापडली, तीही सुटली. शेवटी मशीननं सगळ्या शक्यता पालथ्या घातल्या आणि सांगितलं, कोंडी नाही. सरांनी फळ्याचा फोटो काढला आणि पुतणीला म्हणाले, "जा. सिद्ध झालं तुझं लगीन."

ती वाकून पाया पडली. "काका, तुमी येणार ना?"

सर खडू झटकत म्हणाले, "आवतन आलं की येतो."

आता खरी गंमत पुढं. लग्न जवळ आलं, गावोगाव अक्षता गेल्या, आणि सरांकडं कुणी फिरकलं नाही. पुतणीनं बापाला विचारलं, तर दादा म्हणाले, "घरच्या माणसाला आवतन कशाला लागतं? त्याचंच घर हाय." म्हणजे वास्तुशांतीच्या वेळी सर जे म्हणाले होते तेच आता दादा म्हणत होते, आणि दादा जे म्हणाले होते ते सर. दोघांनी आपापली वाक्यं बदलून घेतली होती आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. काकूंनी मात्र, म्हणजे सरांच्या पत्नीनं, असल्या भानगडीत वेळ घालवला नाही. हळदीच्या आधीच त्यांनी पिशवी भरली आणि जळकोटची एसटी धरली. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुमचं तुमी सिद्ध करत बसा."

लग्नाच्या दिवशी आम्ही विभागातले चौघं गाडी करून निघालो. आदल्या दिवशी मी सरांना म्हणालो, "सर, मागं जागा आहे."

"तुमी व्हा पुढं."

"येणार ना पण?"

सर खडूचे तुकडे डबीत भरत राहिले. मला त्यांचा राग आला. एवढा शहाणा माणूस आणि एवढा हट्टी. पुतणीसारखी पुतणी, आणि हा मूठभर तांदळासाठी घरात बसून राहणार. कंधार-जांबवरून जळकोटला पोचेपर्यंत मी गाडीत त्यांना भरपूर नावं ठेवली, आणि बाकीच्यांनी मला साथ दिली.

मांडवात व्यवस्था अगदी फळ्यावरच्यासारखी चालली होती. हार मांडवात ठेवलेले. टँकर वेळेवर आलेला. दादा फेटा बांधून दारात उभे होते. चेहरा सरांचाच, फक्त उन्हातला. आम्ही कॉलेजातले म्हटल्यावर त्यांनी हात जोडले.

"त्याच्यासंगं असता का तुमी?"

"हाव."

"बरा हाय का?"

"बरे आहेत."

"हं," ते म्हणाले आणि आमच्या मागं रस्त्याकडं बघत राहिले. मग एकदम वळून आचाऱ्यावर ओरडले, त्याची काही चूक नसताना.

मुहूर्त जवळ आला. नवरदेव मारुतीपाशी जाऊन बसला. बँडवाले नवरी निघाल्याचा इशारा मिळायची वाट बघत तेच एक गाणं परत परत वाजवत होते. मामा घराच्या दारात उभे. आणि नवरी बाहेर येईना. थोड्या वेळानं काकू बाहेर आल्या, त्यांचा चेहरा बघूनच कळलं. "ती म्हणून राहिली, काका आल्याबिगर पाटावर उभी राहणार न्हाई."

मांडवात कुजबुज सुरू झाली. वऱ्हाडी माना उंच करून बघू लागले. दादांचा चेहरा लाल झाला. "आमच्या घरात असले लाड न्हाई चालत," ते म्हणाले, पण आत जाऊन पोरीला हे सांगायला काही गेले नाहीत. मी बाजूला जाऊन सरांना फोन लावला.

"सर, लग्न अडकलं."

"शक्य न्हाई," सर लगेच म्हणाले. "सिद्ध केलंय."

"अडकलंय सर. मी डोळ्यांनी बघतोय."

"तू बघू नकोस, नीट सांग. कोण कुणासाठी थांबलंय?"

मी सांगितलं. नवरदेव बँडसाठी, बँड मामासाठी, मामा नवरीसाठी. सर प्रत्येकाला "हं, बरोबर" म्हणत गेले.

"अन् नवरी?"

"नवरी काकासाठी."



"काका दादासाठी थांबलेत," मीच पुढं म्हणालो. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते तोंडातून गेलंच. "आणि दादा काकासाठी. कधीपासून, ते तुम्हीच सांगा."

फोनमधून गर्दीचा आवाज येत होता. त्यात कुठंतरी कंडक्टर उदगीर, उदगीर ओरडत होता. मग सर म्हणाले, "त्या फळ्यावर मी नव्हतोच रे." आवाज अगदी लहान झाला होता. "सगळे घेतले. टँकरबी घेतला. मला ध्यानातच न्हाई आलं, की मीबी त्यात हाय."

"सर, तुम्ही आहात कुठं?"

"जळकोटच्या स्टँडवर. पहाटेच्या गाडीनं आलो. कुणी बोलवायला येतंय का बघून राहिलो."

गाडीत ठेवलेली सगळी नावं मी मनातल्या मनात परत घेतली आणि दादांकडं गेलो. "सर स्टँडवर बसलेत," मी म्हणालो. "सकाळपासून."

दादांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मग अक्षतांच्या ताटात हात घालून मूठ भरली आणि चपला न घालता बाजाराच्या रस्त्यानं निघाले. माणूस साठीच्या पुढचा, पण चाल अशी की फेटा मागं सुटून उडू लागला.

इथं गोष्ट संपली असती तर ती दुसऱ्या कुणाच्या भावांची असती. दादा बाजाराकडून गेले, आणि सर तोवर स्टँडमागच्या बोळातून मांडवात हजर. नवी पँट, नवा शर्ट, बगलेत पिशवी. "दादा कुठं हाय?"

"तुम्हांला आणायला गेलेत. स्टँडवर."

"मला आणायला?" सरांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि बाजाराच्या रस्त्यानं पळत सुटले. तेवढ्यात बोळातून दादा आले, मूठ तशीच आवळलेली. "आला का?"

"आले होते. तुम्हांला शोधायला गेले."

"थांबवायचं न्हाई व्हय!" म्हणत दादाही परत बोळात वळले. सरांच्या शास्त्रात यालाही नाव आहे, लाइव्हलॉक. कोंडीत दोघं थांबलेले असतात, यात दोघं जिवाच्या आकांतानं चालत असतात, आणि काम दोन्हीकडं तेवढंच होतं. नवरीचा बाप पळतोय म्हणजे निघायचंय, असं समजून निम्मे बँडवाले ढोल घेऊन दादांच्या मागं लागले.

हा कालवा ऐकून नवरीच बाहेर आली. शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा. मामा "अगं, अगं" करत मागं. तिनं एकदा बोळाकडं बघितलं, एकदा बाजाराकडं, आणि मला म्हणाली, "सर, तुमी रस्त्यावर काकांना धरा. मी बोळात बाबांना धरते. आता दोघांपैकी कुणालाच वळू द्यायचं न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही पोरगी रुसली नव्हती. तिनं हिशेबानं कोंडी केली होती. सगळं लग्न थांबवून तिनं दोघा भावांच्या अबोल्याला असं गाठलं होतं, की आता सुटेल तर सगळं एकदम. आमच्यापैकी कुणाहीपेक्षा विषय तिला जास्त समजला होता.

मी सरांना दंडाला धरून आणलं. तिनं बापाला हाताला धरून आणलं. घरासमोर दोघं भाऊ समोरासमोर उभे राहिले, मध्ये मी. बँड कानाशी वाजत होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं, आणि दोघं एकदमच बोलले, त्यामुळं दोघांनाही एकमेकांचं ऐकू गेलं नाही.

"काय म्हणलास?" दादांनी ओरडून विचारलं.

"काय न्हाई. तू काय म्हणलास?"

"काय न्हाई."

दादांनी मूठ उघडली. घामानं अक्षतांची हळद तळव्याला लागली होती. त्यांनी त्या सरांच्या हातात ओतल्या आणि म्हणाले, "चल. भटजी खोळंबलाय." लग्न लागलं. मुहूर्त थोडा टळला, पण सरांनी मुहूर्ताची हमी दिलीच नव्हती. मंगलाष्टकं चालू असताना मी त्यांच्याकडं बघत होतो. सगळे अक्षता टाकत होते. सरांनी चार दाणे टाकले आणि बाकीच्या हळूच खिशात ठेवल्या. पुढं पंगतीत आम्हांला वाफाळता भात आला, सर मात्र भात गार हाय म्हणत जेवले.

सोमवारी कॉलेजात आलो तर सर माझ्याआधी येऊन फळ्यापुढं उभे होते. लग्न अजून पुसलेलं नव्हतं. त्यात त्यांनी दोन नवे गोल काढले होते, एकात 'चुलता' लिहिलं होतं, दुसऱ्यात 'दादा'. "पहिल्याच फटक्यात सापडली कोंडी," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. मग खडू खाली ठेवून विचारलं, "तू तवा मधी होतास ना? दादा काय म्हणला होता?"

"तुम्ही काय म्हणालात तेही मी ऐकलं."

"ते मला ठावं हाय. मी म्हणलं, दादा, चुकलं माझं. तो काय म्हणला?"

"म्हणाले, जेवलास का रं?"

सर खुर्चीत बसले. डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचत नव्हतं. इतक्या वर्षांनी भाऊ समोर येतो आणि त्याच्या तोंडून पहिलं काय निघतं! मग त्यांनी फोन काढला आणि जळकोटला लावला. सर नेहमी फोन स्पीकरवर लावून बोलत, त्यामुळं विभागात सगळ्यांना ऐकू येत होतं.

"दादा, तवा तू काय तरी इचारलास, मला ऐकू न्हाई आलं. आत्ता कळलं. न्हाई जेवलो होतो रं. सकाळपासून काहीच खाल्लं न्हवतं."

"ठावं हाय मला," तिकडून दादा म्हणाले. "तुझं ताट मी सकाळीच वाढून झाकून ठिवलं होतं. म्हणून तर भात गार लागला तुला."

सरांनी फोन तसाच हातात धरून ठेवला. तासाची घंटा झाली, वर्गात पोरं वाट बघत होती. त्या दिवशी त्यांचा तास मी घेतला.